तळ्याच्या पोटातलं रान

फटफटले की साळूबाई तलावात उतरत असे. तलावात उतरायचे म्हणजे पाण्यात नव्हे. होळी झाली की त्या पाझर तलावात पाणी म्हणून उरायचे ते भिंतीच्या पायथ्याशी, एखाद्या म्हशीला लोळता येईल एवढे, हिरवट आणि वास मारणारे. बाकीचा सगळा तळ उघडा पडायचा. ओढा ज्या बाजूने तलावात शिरतो त्या वरच्या अंगाला, वस्तीच्या जवळ, काळ्या मातीचा एक सपाट पट्टा होता. संक्रांतीच्या सुमारास इथले पाणी मागे हटले की साळूबाई आणि तिचा नवरा रखमाजी तिथे कलिंगडाचे आणि काकडीचे वेल लावत आणि पाणी यायच्या आत माल काढून घेत. सरकारी भाषेत ह्याला गाळपेर म्हणतात. साळूबाई त्याला रान म्हणे.

चपला ती काठावरच काढून ठेवायची. रानाच्या मधोमध कमरेएवढा खोल झिरा खणलेला होता. रात्रभरात त्याच्या बुडाशी स्वच्छ पाणी साचलेले असे. एक हात मागे मातीला टेकवून ती खाली उतरायची, उतरताना डावा गुडघा कटकन वाजायचा, आणि मग उकिडवी बसून जर्मनच्या वाटीने पाणी डब्यात भरायची. वाटी आडवी, अलगद बुडवावी लागे. घाई केली की तळ ढवळला जाई आणि पाणी पुन्हा निवळेपर्यंत नुसते बसून राहावे लागे. भरलेला डबा वर ठेवायचा, वर चढायचे, डबा कमरेवर घ्यायचा आणि आळ्याआळ्याला वाकून वेलाच्या बुडाशी पाणी सोडायचे. पानांवर थेंब पडू द्यायचा नाही. फळे लिंबाहून मोठी आणि मुठीहून लहान झाली होती. त्यांच्या अंगावरची पांढुरकी लव अजून गेली नव्हती. मातीला लागून कुजू नयेत म्हणून प्रत्येक फळाखाली ती वाळल्या गवताची चुंबळ सारायची.

उन्हे भिंतीवर येईपर्यंत वस्तीवरच्या बाया हंडे-कळश्या घेऊन झिऱ्याशी जमत. पहिली नेहमी अमीरबी. अमीरबी साळूबाईपेक्षा वयाने मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, दोन शेळ्या आणि घरामागचा मुरमाड तुकडा एवढ्यावर राहणारी.

"साळू, पोरं पेली का पानी?" ती काठावरूनच विचारायची. पोरे म्हणजे वेल.

"पेली. आता तुमी घ्या."

"शाळंत घातली असती तर पयला नंबर काढला असता बग ह्यांनी. माणसाच्या पोरांस्नी कोन एवढं जपतंय."

"माणसाची पोरं दौंडला गेली की फोन करीत न्हाईत," दुसरी कुणी म्हणायची. साळूबाईची लेक दौंडला दिलेली होती, त्यामुळे हसू उसळायचे. साळूबाईही हसायची आणि म्हणायची, "कलिंगडंबी न्हाई करीत."

मग एकेक जण झिऱ्यात उतरायची. टँकर एक दिवसाआड यायचा, त्याच्या पाण्याला औषधाचा वास. वस्तीची विहीर माघातच आटायची. पिण्याचे पाणी झिऱ्याचे. आधी वेल, मग माणसे, हा क्रम कुणी घालून दिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

हिवाळ्यात ग्रामसभा झाली होती. शहरातली एक संस्था तलाव खोल करून द्यायला तयार होती. पोकलेन मशीन संस्थेचे, माती वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्यांचा. संस्थेकडून आलेली अपेक्षा नावाची इंजिनियर मुलगी मारुतीच्या देवळासमोर उभी राहून समजावून सांगत होती. तलावात पाणी उन्हाळाभर टिकेल, भिंतीखालच्या विहिरी जगतील, वस्तीच्या विहिरीला झरे फुटतील आणि तिथून नळ टाकता येईल. शेवटी तिने विचारले, "तलावातला गाळ काढायला कुणाची हरकत आहे का?"

रखमाजी मागे खांबाला टेकून बसला होता. सभेत तो कधी बोलत नसे. पण आदल्याच उन्हाळ्यात भिंतीच्या पायथ्याच्या त्या हिरव्या चिखलात वस्तीवरची एक म्हैस रुतली होती आणि तिला ओढून काढताना त्याचा खांदा निखळता निखळता राहिला होता.

"काढा की," तो म्हणाला. "गाळात म्हसरं रुतत्यात. हरकत कसली त्यात?"

लोक हसले. भिंतीखाली मोठी बागायत असलेल्या मच्छिंद्र आप्पांनी ठराव मांडलेला होताच. ग्रामसेवकाने अनुमोदक म्हणून रखमाजीचे नाव घेतले आणि ते माईकवरून वाचून दाखवले. माईकवरून आपले नाव रखमाजीने जन्मात पहिल्यांदा ऐकले. घरी आल्यावर त्याने ते साळूबाईला सांगितले, आणि जेवताना पुन्हा सांगितले.

आणि आता एका सकाळी अपेक्षा दोन माणसांना घेऊन तलावात फक्की मारत आली. पांढऱ्या चुन्याची रेघ भिंतीकडून निघाली, वळली, आणि सरळ वेलांमधून वर ओढ्याच्या तोंडापर्यंत गेली. काही पानांवर चुना पडला. साळूबाई डबा कमरेवर तसाच धरून उभी राहिली. रखमाजी पुढे झाला.

"हे काय मांडलंय ताई?"

"हद्द आहे मामा. इथपर्यंतचा गाळ काढायचा."

"गाळ तिकडं हाय." त्याने भिंतीकडे बोट केले. "तुमी चुकलात."

"नाही मामा. हा सगळाच गाळ आहे. वरून वाहून आलेला."

रखमाजी खाली बसला. त्याने एक ढेकूळ उचलून मुठीत दाबले, फोडले आणि तिच्यापुढे तळहात धरला. "ही माती हाय," तो हळू म्हणाला, लहान मुलाला सांगावे तसे.

अपेक्षा त्या तळहाताकडे बघत राहिली. मग वेलांकडे, मग साळूबाईकडे. ती आली तेव्हा हिवाळा होता आणि हा पट्टा पाण्याखाली होता. "मामा," ती म्हणाली, "सभेत तुम्हीच तर अनुमोदन दिलं होतं."

"गाळाला दिलं व्हतं. मातीला न्हाई दिलं."

मागची माणसे हसली. अपेक्षा हसली नाही. फळे कधी निघतील असे तिने विचारले. पाडवा होऊन हनुमान जयंती उलटावी लागेल, असे साळूबाईने सांगितले. मशीन पाडव्याच्या आधीच कासुर्डीकडच्या कामावर जायचे होते. पुन्हा कधी मिळेल ते आपल्या हातात नाही, असे अपेक्षा म्हणाली, आणि चुना लागलेली पाने स्वतःच्या ओढणीने पुसू लागली. "राहू द्या," साळूबाई म्हणाली. "देठ मोडंल."

मशीन भिंतीच्या अंगाने सुरू झाले. दिवसभर त्याची घरघर वस्तीवर ऐकू येई. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून भिंत चढत आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागून मळ्यांकडे वळत. मातीसाठी पंचायतीत नाव लावावे लागे, आणि नाव लावायला सातबारा लागे.

चार दिवसांनी भिंतीवरच्या बाभळीखाली माणसे जमली. अपेक्षाने रखमाजीला बोलावणे पाठवले होते. तो आला, साळूबाई त्याच्या मागोमाग आली आणि थोडी लांब, दगडावर टेकली.

"हे बग रखमाजी," मच्छिंद्र आप्पा म्हणाले. आप्पांचा आवाज कधी चढत नसे. "तुज्या बापाचं रान ह्या तळ्यात गेलं, मला ठाव हाय. पन ते मुरमाड व्हतं. कुसळं उगवायची त्यात. ही काळी माती वरल्या रानांतनं व्हाऊन आली. माजीबी त्यात असंल, ह्याचीबी असंल. तुजी म्हनून कशी म्हनतूस?"

आप्पा खोटे बोलत नव्हते.

"मंग मला दोन ट्रॉल्या द्या," रखमाजी म्हणाला.

"टाकशील कुठं? वळचनीला?" ट्रॅक्टरवर बसलेला एक तरुण म्हणाला.

"तळं भरल्यावं मासं धर की," दुसरा म्हणाला. "ठेका तुलाच देऊ."

"त्याला पवाया कुठं येतंय. माशांनीच धरायचा ह्याला."

हसणे ओसरल्यावर आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, "चेष्टा जाऊ द्या. माती पसरायला मला मानसं लागनार हाईत. तुमी दोघं या. दुसऱ्या कुनाला सांगत न्हाई मी."

त्यांनी ते खरोखर चांगल्या मनाने म्हटले होते. साळूबाईने पदर ओढून घेतला आणि पायाच्या अंगठ्याने दगडाची कड खरवडत राहिली.

अपेक्षा उभी राहिली. "मामा, तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमचा भाग सोडून देईन. जबरदस्ती करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. पण मला तुमच्याशी खरं बोललं पाहिजे. आप्पांच्या विहिरींना भिंतीकडच्या खोदाईचं पाणी मिळेलच. वस्तीची विहीर मात्र ह्या अंगाला आहे. इथं खोल झालं नाही तर पाणी तिच्यापर्यंत पोचणार नाही. नळाचं काम तसंच राहील."

वस्तीवरचे चार-दोन बाप्ये होते, ते दुसरीकडे बघू लागले. रखमाजीने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"सोडा माजा भाग," तो म्हणाला आणि भिंत उतरू लागला.

दुपारी फक्कीची रेघ बदलली. नवी रेघ रानाला वळसा घालून गेली.

दुसऱ्या दिवशी साळूबाईने वेलांना पाणी घातले आणि झिऱ्याच्या काठावर ती बायांची वाट बघत बसली. ऊन भिंतीवर आले, भिंत उतरून तळात आले. कुणी आले नाही. टँकरचा दिवस असेल, असे तिला वाटले. त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर यायचा नव्हता. तरीही कुणी आले नाही. झिऱ्यात पाणी चढले होते, इतके की वाकून हात घातला तर बोटांना लागावे. गांधीलमाश्या काठावर बसून पाणी पीत होत्या.

तिसऱ्या दिवशी तिने अमीरबीला लांबून पाहिले. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, ती भिंतीवरून सडकेकडे चालली होती. सडकेपलीकडच्या पोल्ट्रीवर बोअर होता. तिथला राखणदार कधी पाणी भरू देई, कधी देत नसे. अमीरबी चालताना एका अंगाला कलायची. साळूबाई धावतच भिंत चढली.

"अमीरबी, कुठं निगालीस?"

"पोल्ट्रीवं."

"झिरा काय आटलाय का?"

"न्हाई ग." अमीरबी थांबली, पण हंडा तिने उतरवला नाही. "उन्हं वाढल्यात. तुज्या येलांस्नी लागंल पानी."

"एवढी वरसं न्हाई लागलं ते."

"एवढी वरसं घेतलंच की आमी."

"कुनी काय बोललं का? आप्पा बोलले?"

"कुनी न्हाई बोललं साळू. आमीच बाया बाया बोललो. तुज्यापुढं रोज हंडा घीऊन हुबं ऱ्हायचं म्हंजी..." अमीरबीने काखेतली कळशी सावरली. "तुला वाटंल, नळासाठनं आल्यात. तोंड दावाया आल्यात. तुजं रान हाय ते. तुमी न्हाई म्हनला, ते बराबर हाय. कुनीबी म्हनलं असतं."

तुजं रान हाय ते. ह्या गावात आजवर कुणी साळूबाईला असे म्हटले नव्हते. ती तिथेच उभी राहिली आणि अमीरबीचा हंडा सडकेपलीकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. राखणदाराने फाटक उघडले की नाही ते इतक्या लांबून कळत नव्हते.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळेला रखमाजी ओट्यावर बसला होता. ताटातली भाकरी तशीच होती.

"झिऱ्यावं कुनी येत न्हाई," साळूबाई म्हणाली.

"बरं झालं. येलांना जादा मिळंल."

"येलांचं पोट भरलंय. किती पाजू त्यांस्नी?"

मशीन थांबले होते आणि ती घरघर नसल्यामुळे वस्ती जास्तच शांत वाटत होती. कुणाच्या तरी घरात रिकामी कळशी पडल्याचा आवाज आला.

"बाप ह्याच भिंतीवं खडी फोडीत व्हता," रखमाजी म्हणाला. "दुस्काळाचं काम. आपलंच रान बुडवायला आपूनच खडी फोडायची. रान गेलं तवा त्याला कुनी इचारलं न्हाई."

"व्हय. आता तुमाला इचारलं."

"म्हून तर न्हाई म्हनलो."

"म्हनला. त्या पोरीनं ऐकलं, आप्पानं ऐकलं. म्हनायचं व्हतं ते म्हनून झालं."

रखमाजीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या ताटातल्या कोरड्यासात भिजवत होती, दात दुखत असले की त्याला देत असे तसा.

"आन् फुडल्या साली कुठं पेरायचं?" त्याने विचारले. "माजी हयात गेली त्या मातीत. श्यान मी डोक्यावं व्हायलंय. कुठं पेरायचं सांग."

"पोरीच्या दारात जाऊन न्हाई बसायचं," साळूबाई म्हणाली.

"मंग?"

"मला न्हाई ठाव. पन त्या पान्यापशी एकलीनं बसवत न्हाई मला."

सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली, चपला काठावर काढल्या आणि रानात गेली. झिऱ्यात उतरली नाही. ओढ्याच्या तोंडाकडची पहिली ओळ धरून ती वाकली, वेलाच्या बुडाशी दोन्ही हात घातले आणि ओढले. वाटले होते त्याहून सहज निघाला. माती ओली होती, भुसभुशीत होती; मुळे एकही न तुटता वर आली आणि त्यांना चिकटलेली माती तिने हाताने पुन्हा आळ्यात झाडली. वेलाचे ताणे तिच्या बांगड्यांत अडकत होते. ते ती एकेक करून सोडवत होती. काही वेळाने मनगटे खाजू लागली. निघालेला वेल ती गुंडाळून बाजूला ठेवी आणि पुढच्या आळ्याकडे सरके.

अपेक्षा मशीनवाल्याबरोबर आली तेव्हा तीन ओळी मोकळ्या झाल्या होत्या. ती रेघेच्या पलीकडेच थांबली.

"मावशी, काय करताय?"

"हे अंगबी घ्या मशीनला."

"मामांना विचारलंत?"

"येतील ते."

"मावशी, अजून दोन दिवस आहेत मशीन जायला. तुम्ही बसून बोला. मी घाई करत नाही."

"दोन दिसांनी काय हुनार ताई?" साळूबाईने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "फळं वाढतील. मंग हात जड हुईल."

अपेक्षा रेघ ओलांडून आत आली आणि वेल उचलू लागली. तिला ते जमत नव्हते, ताणे तिच्या ओढणीत गुंतत होते. साळूबाईने तिला काही म्हटले नाही.

रखमाजी भिंतीवर दिसला. बराच वेळ तो तिथेच उभा होता. साळूबाईने एकदा वर पाहिले आणि पुन्हा खाली वाकली. मग तो उतरला, रानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिकडून उपटायला लागला. तो तिच्यासारखा माती झाडत नव्हता. वेल निघाला की आळ्याचा काठ टाचेने मोडून जमीन सारखी करत होता. दोघांच्या मधल्या ओळी कमी होत चालल्या.

अमीरबी शेळ्या घेऊन आली आणि गुंडाळलेल्या वेलांशी बसली. कोवळ्या फळांची भाजी होते, म्हणून ती फळे तोडून टोपलीत टाकू लागली. मागून वस्तीवरच्या दोघी-तिघी आल्या. त्यांनी हंडे आणले नव्हते. एकीने विचारले, "साळू, ही टोपली तुज्या घरात ठिवू?" आणि साळूबाई म्हणाली, "वाटून घ्या सगळ्या. एकट्या घरात काय करायचं एवढं."

ऊन डोक्यावर आले तेव्हा झिऱ्याजवळची एकच ओळ उरली होती. ह्या ओळीचे वेल सगळ्यांत दांडगे होते. पाणी जवळ असल्यामुळे फळेही मोठी, काहींवर गर्द हिरवे पट्टे उमटू लागलेले. रखमाजी तिच्यापाशी येऊन थांबला. त्याने खाली वाकून एका फळाखालची चुंबळ नीट केली, मग हात मागे घेतला आणि मातीवर बसला.

"एवढी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

मशीन रानाच्या कडेला येऊन उभे राहिले होते. चालवणारा परप्रांतातला पोरगेला माणूस. त्याने खाली वाकून विचारले, "चाचा, ये लाइन भी लेना है क्या?"

रखमाजीने त्याच्याकडे पाहिले नाही. गुडघ्यांवर कोपरे टेकून तो समोर बघत होता. मशीनवाल्याने अपेक्षाकडे पाहिले, अपेक्षाने साळूबाईकडे. अमीरबीने शेळीचे दावे हाताला गुंडाळून घेतले.

साळूबाई नवऱ्याशेजारी जाऊन बसली. तिने पदराने त्याच्या मानेवरचा घाम पुसला आणि पालथ्या हाताने आपला.

मग ती उठली, त्या ओळीच्या टोकाशी गेली, वाकली आणि वेलाच्या बुडाशी दोन्ही हात घातले.